तोराहवरचे लेख छापण्याआधी : मराठी संपादक-प्रकाशकांना खुले पत्र

दिवाळी अंकांचे संपादक, अनुवादित पुस्तकांचे प्रकाशक आणि ‘रहस्यमय’ सदरं चालवणारे स्नेही यांस,

स. न. वि. वि.

तोराह म्हणजे ज्यू लोकांचा पंचग्रंथ. मराठी बायबलात उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी जी पहिली पाच पुस्तकं येतात, तीच ही. या ग्रंथाविषयी मराठीत फार थोडं छापलं जातं आणि जे छापलं जातं त्यात दोन दावे हमखास असतात. पहिला असा की तोराहच्या अक्षरांत देवानं गुप्त संदेश पेरून ठेवलेत, इस्रायली पंतप्रधान राबिन यांच्या खुनापासून अणुयुद्धापर्यंत सगळं तिथे आहे. दुसरा असा की तोराहमध्ये स्वतःचं काहीच नाही. प्रलय, टोपलीतलं बाळ, दगडावरचे कायदे हे सगळं बाबिलोनहून उचललेलं, आणि काही लेखकांच्या मते तर आपल्याकडूनच. एका दिवाळी अंकात हे दोन्ही लेख मी एकापाठोपाठ एक वाचले. अक्षर न् अक्षर मोजून देवानं लिहवलेला ग्रंथ आणि शेजाऱ्याकडून ढापलेला ग्रंथ हा एकच कसा, हे तिथे कुणी लेखकांना विचारलेलं दिसलं नाही.

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणजे पहिल्या दाव्याशी माझा संबंध धंद्याचा आहे. दुसऱ्याशी आवडीचा. दोन्हींबद्दल तक्रार मात्र एकच: जुळणी कशाला म्हणायचं हे लेखक आधी ठरवत नाही. तो आधी जुळेल ते गोळा करतो आणि मग हीच आपली कसोटी होती असं सांगतो. लेखकाला तसं करू द्यायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

आधी गुप्त संकेतांकडे येतो. ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. तेराव्या शतकात स्पेनमधल्या बह्या बेन आशेर या भाष्यकारानं उत्पत्तीच्या सुरुवातीची ठरावीक अंतरावरची अक्षरं उचलून त्यांचा पंचांगाच्या गणिताशी संबंध जोडला होता. विसाव्या शतकात स्लोवाकियातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मिखाएल बेर वाइसमांडल यांनी तोच नाद पुढे नेला. नाझींच्या हातून आपली माणसं सोडवण्यासाठी जिवाचं रान केलेला हा माणूस. त्याच्याबद्दल उणा शब्द काढवत नाही. त्यांना दिसलं ते असं: ‘बेरेशीत’ या तोराहच्या पहिल्याच शब्दाचं शेवटचं अक्षर ‘ताव’. तिथून दर पन्नासावं अक्षर घेत गेलं की ‘तोराह’ हा शब्द उमटतो. निर्गमातही तसंच घडतं. हे सगळं हातानं मोजलेलं.

पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले गणिती एलियाहू रिप्स आणि त्यांचे सहकारी डोरोन विट्झटुम व योआव रोझेनबर्ग यांनी संगणक लावला. रिप्स हे समूहसिद्धान्तातलं मोठं नाव, मूळचे लाटवियाचे. चेकोस्लोवाकियावरच्या सोव्हिएत आक्रमणाचा निषेध म्हणून १९६९ मध्ये रिगा शहरात त्यांनी भर चौकात स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला होता. असा माणूस बाजारू नसतो, आणि त्यांचा निबंधही बाजारू नव्हता. १९९४ मध्ये तो ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी एका हिब्रू ज्ञानकोशातून ३२ प्रसिद्ध रब्बींची यादी घेतली आणि उत्पत्तीच्या मजकुरात सारख्या अंतरावरच्या अक्षरांतून त्यांची नावं व जन्ममृत्यूच्या तिथ्या एकमेकींजवळ येतात का, ते तपासलं. नावं आणि तिथ्या यांच्या जोड्या दहा लाख वेळा अदलाबदल करून पाहिल्या. असा निकाल निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता त्यांनी काढली ती दहा लाखांत १६. संपादकांनी निबंध छापताना हे सिद्ध झालं असं म्हटलं नव्हतं. वाचकांना घातलेलं एक अवघड कोडं म्हणून त्यांनी तो पुढे ठेवला होता. मराठीत लिहिणारे नेमकं हे वाक्य गाळतात आणि ‘शास्त्रज्ञांनी मान्य केलं’ असं लिहून मोकळे होतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारापलीकडे जाणार नाही. छापील कोरेन आवृत्तीप्रमाणे उत्पत्तीत ७८,०६४ अक्षरं आहेत. हिब्रूची अक्षरं २२, आणि स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे शब्द आखूड. पाच अक्षरांचा कुठलाही शब्द शोधायला घ्या. सुरुवात कुठूनही करा, मधलं अंतर कितीही धरा, उलटं वाचा की सुलटं. एवढी मोकळीक दिली की पाच-पाच अक्षरांच्या सुमारे १५२ कोटी ओळी निघतात. बावीस अक्षरांतून पाच अक्षरांचे ५१,५३,६३२ वेगवेगळे शब्द होतात. सगळी अक्षरं सारख्या प्रमाणात येतात असं धरलं तर कुठलाही पाच अक्षरी शब्द उत्पत्तीत सरासरी तीनशेच्या आसपास वेळा सापडायला हवा. चार अक्षरी शब्द आठ हजारांहून जास्त वेळा. म्हणजे नाव सापडलं यात नवल काहीच नाही. न सापडतं तर नवल होतं.

रिप्स यांना हे अर्थातच माहीत होतं. म्हणून त्यांनी नुसतं सापडणं मोजलं नाही, नाव आणि तिथी किती जवळ येतात ते मोजलं. तरी ते अडकले, आणि अडकले ते यादीत. मध्ययुगीन रब्बी म्हणजे एकाच माणसाची पाच नावं: बापाच्या नावानं, गावाच्या नावानं, ग्रंथाच्या नावानं, आद्याक्षरांनी. तिथी लिहायच्या रीतीही अनेक. कुठली घ्यायची, कुठली सोडायची हे ठरवताना अभ्यासकाला मोठी मोकळीक मिळते. ब्रेंडन मकाय, ड्रोर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई यांनी १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात उत्तर छापलं. त्यांनी नावांच्या यादीत तितकेच समर्थनीय असे बदल केले आणि ‘वॉर अँड पीस’च्या हिब्रू अनुवादातून, उत्पत्तीएवढ्याच लांबीच्या तुकड्यातून, तसाच थक्क करणारा निकाल काढून दाखवला. या चौघांतले तिघे इस्रायली आणि त्याच हिब्रू विद्यापीठाशी जोडलेले, हेही ध्यानात घ्या. हा वाद ज्यूंच्या घरातला आहे. बाहेरच्या कुणी ज्यूंच्या श्रद्धेवर केलेला हल्ला नव्हे. संकेतांना आधार नाही असं जाहीर निवेदन पन्नासहून अधिक गणितज्ञांनी काढलं, त्यात कॅलटेकचे बॅरी सायमन यांच्यासारखे धर्मनिष्ठ ज्यूही होते. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रॉबर्ट ऑमन यांना सुरुवातीला या संशोधनात तथ्य वाटत होतं. हिब्रू विद्यापीठात समिती बसली, नव्यानं प्रयोग झाले आणि त्यांतून संकेतांना दुजोरा मिळाला नाही. दावा आणि खंडन यांच्यात फक्त पाच वर्षांचं अंतर आहे. मराठीत दावा अजून ताजा म्हणून विकला जातोय, खंडनाचा पत्ता नाही.

आणि आपल्याकडे जे येतं ते रिप्स यांचंही नसतं, मायकेल ड्रॉस्निन यांचं असतं. अमेरिकन पत्रकार. १९९७ च्या त्यांच्या पुस्तकानं जगभर धंदा केला. इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या होणार हे आपल्याला तोराहमध्ये आधीच दिसलं होतं आणि १९९४ मध्ये आपण तसं त्यांना कळवलंही होतं, असा त्यांचा दावा. राबिन यांचा खून ४ नोव्हेंबर १९९५ ला झाला. खुद्द रिप्स यांनी पुस्तक येताच जाहीर केलं की याच्याशी आपला संबंध नाही आणि तोराहवरून भविष्य सांगण्याचा प्रयत्न निरर्थक आहे.

हे राबिन प्रकरण जरा निवांत पाहण्यासारखं आहे. हिब्रूत हे नाव आठ अक्षरांचं. ड्रॉस्निन यांना ते तोराहमध्ये एकदाच सापडलं, ४,७७२ अक्षरांच्या अंतरानं. त्या नावाला छेदून जाणारी ओळ त्यांनी ‘खुनी खून करील’ अशा अर्थानं वाचली. ती ओळ ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली आहे, ४२ वं वचन. पुस्तक उघडून बघा. मोशे (इंग्रजीतला मोझेस) तिथे यार्देन नदीच्या पूर्वेला तीन आश्रयनगरं नेमून देतोय. कशासाठी? पूर्वीचं वैर नसताना, नकळत ज्याच्या हातून शेजारी मारला गेला त्याला पळून जाऊन जीव वाचवता यावा म्हणून. सूडाच्या चक्रातून निरपराध माणसाला सोडवणारा हा कायदा. राबिनचा मारेकरी पिस्तूल घेऊन वाट पाहत थांबला होता. ‘नकळत’ हा शब्दच गाळल्याशिवाय ती भविष्यवाणी उभी राहत नाही. अंतरावरची अक्षरं मोजणाऱ्यांना समोरची ओळ वाचायला वेळ नसतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

टीकाकारांना ड्रॉस्निन यांनी एका मुलाखतीत आव्हान दिलं होतं: ‘मोबी डिक’मध्ये कुठल्या पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश शोधून दाखवा, मग मानू. मकाय यांनी शोधला. ती पंतप्रधान कोण होती ठाऊक आहे? इंदिरा गांधी. त्याच कादंबरीत ट्रॉट्स्की, मार्टिन ल्यूथर किंग, लिंकन, केनेडी आणि स्वतः राबिनही निघाले. देवमाशाच्या शिकारीची ही गोष्ट १८५१ ची. तिच्या लेखकावर आजवर कुणी सर्वज्ञतेचा आरोप केलेला नाही. ड्रॉस्निन यांच्या पुढच्या पुस्तकात २००६ मध्ये अणुसंहार होता. तुम्ही-आम्ही आहोत.

आणखी एक गोष्ट या लेखांत कधीच नसते: मोजायचं कुठल्या प्रतीवर? सोफेर म्हणजे तोराहची गुंडाळी हातानं लिहिणारा लेखनिक; एक अक्षर चुकलं तर ती गुंडाळी वाचनाला चालत नाही, इतका कडक नियम. इतकी काळजी घेऊनही येमेनी ज्यूंच्या प्रतींत आणि इतरांच्या प्रतींत नऊ ठिकाणी अक्षरलेखनाचा फरक आहे. अर्थ बदलत नाही, मोजणी बदलते. राबिनचं नाव ३३ हजारांहून जास्त अक्षरांवर पसरलेलं आहे. मध्ये एक अक्षर कमी-जास्त झालं की ते नाव संपलं. आणि हे ज्यू परंपरेला आपल्या किती आधी कळलं होतं बघा. ताल्मूद म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ; त्याच्या किद्दुशीन या भागात चर्चा येते की जुन्या पंडितांना ‘सोफेरीम’ म्हणत कारण ते तोराहची अक्षरं मोजत, आणि त्यांच्या मते लेवीयातल्या अकराव्या अध्यायातलं एक ‘वाव’ हे तोराहचं मधोमध अक्षर. रब योसेफ विचारतो, ते वाव अलीकडच्या अर्ध्यात धरायचं की पलीकडच्या? उत्तर येतं, गुंडाळी आणा आणि मोजा. त्यावरचं उत्तर: अक्षर कुठे जास्त लिहायचं, कुठे कमी, यात ते लोक जाणकार होते, आपण नाही. आजच्या छापील प्रतीवर मोजलं तर ते वाव मध्यापासून काही हजार अक्षरं दूर पडतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेद माजले होते म्हणूनच. त्या ओव्यांतलं दर पन्नासावं अक्षर उचलून कुणी भविष्य सांगू लागलं तर आपला पहिला प्रश्न असेल, बाबा रे, कुठली प्रत?

खरे संकेत असतातच. हिब्रू बायबलात आहेत, फक्त तोराहच्या बाहेर. यिर्मयाच्या पुस्तकात ‘शेशख’ नावाचा देश येतो. वर्णमालेतलं पहिलं अक्षर शेवटच्याच्या जागी, दुसरं उपान्त्याच्या जागी असं उलटवलं की ‘बाबेल’ मिळतं. याला अतबाश म्हणतात. आपल्या महानुभावांची सकळ लिपी याच जातीची: किल्ली हाती आली की कुणीही वाचा, तेच निघतं. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना ती उलगडली आणि गठ्ठेच्या गठ्ठे वाचले गेले. तोराहच्या तथाकथित संकेतांची अशी किल्ली आजवर कुणी दिलेली नाही. प्रत्येक नव्या घटनेसाठी अंतर नवं, दिशा नवी. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य देऊन केलेला गेमात्रियाचा खेळ मला आवडतो. अब्राहामानं ३१८ माणसं घेऊन लढाई केली, त्याचा चाकर एलियेझर याच्या नावाची बेरीज ३१८, म्हणून तो एकटाच बरोबर होता असं ताल्मूद सांगतो. त्याची मजा घ्या, पण पुरावा म्हणून ते कुणी मांडलेलं नाही.

आता उचललेल्या कथांकडे. इथे मामला वेगळा आहे, कारण यात खरोखरच तथ्य आहे आणि तेच तुमच्या लेखकांना नीट सांगता येत नाही.

१८७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस निनवेहून आलेल्या मातीच्या फुटक्या पाट्या वाचत होता. पेशानं तो नोटा कोरणारा कारागीर; कीलाक्षरं स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. एका पाटीत त्याला डोंगरावर टेकलेलं जहाज आणि पाणी ओसरलं का बघायला सोडलेलं कबूतर दिसलं. ३ डिसेंबर १८७२ ला त्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. ही गिल्गमेश या मेसोपोटेमियातल्या महाकाव्याची अकरावी पाटी. त्यात उत्नपिश्तिम नावाचा माणूस देवाच्या सूचनेवरून जहाज बांधतो, प्राणी चढवतो, पाणी थांबल्यावर कबूतर, मग पाकोळी, मग कावळा सोडतो आणि उतरल्यावर यज्ञ करतो. उत्पत्तीच्या प्रलयकथेतला नोहा आधी कावळा सोडतो, मग कबूतर. हे योगायोगानं होत नाही. उत्पत्तीतली प्रलयकथा मेसोपोटेमियातल्या परंपरेवर उभी आहे हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. गिल्गमेशची एक तुटकी पाटी आजच्या इस्रायलमधल्या मगिद्दो इथेही सापडली आहे, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासची. म्हणजे हे महाकाव्य त्या मुलुखात इस्रायलचं राज्य उभं राहण्याच्या कितीतरी आधीपासून वावरत होतं. बाबिलोनी लोकांनी ज्यूंना पकडून नेलं, त्या ‘बंदिवासात चोरली’ एवढ्यावर भागत नाही.

पण मग लेखक इथेच थांबतो. जुळलं, सिद्ध झालं, लेख संपला. खरी गोष्ट इथून सुरू होते. अत्रहसिस नावाच्या त्याहून जुन्या बाबिलोनी काव्यात प्रलय का येतो? माणसं फार वाढली, गोंगाट करू लागली, मुख्य देव एन्लिलची झोप उडाली. उत्पत्तीत कारण आहे हिंसा. पृथ्वी जुलमानं भरली. गिल्गमेशमध्ये प्रलयाला घाबरून देवच कुत्र्यांसारखे अंग चोरून बसतात, आणि नंतर यज्ञाचा वास येताच भुकेले देव माश्यांसारखे त्या यज्ञकर्त्याभोवती घोंगावतात. उत्पत्तीतही देव त्या होमाचा सुवास घेतो, इतकं जुनं रूप तिथे राहिलंय, पण भूक नाही आणि माश्या नाहीत. उत्नपिश्तिमला शेवटी अमरत्व मिळतं. नोहाला मिळतो एक करार, आणि तो द्राक्षमळा लावून दारू पिऊन तंबूत उघडा पडतो. मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो शेवटाचा. अत्रहसिसमध्ये प्रलयानंतर देव तोडगा काढतात: काही बायका वांझ राहतील, काही तान्ही मुलं मरतील, म्हणजे माणसांची गर्दी होणार नाही. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात देव नोहाला म्हणतो, फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, पृथ्वी व्यापून टाका. जुनी कथा माहीत असलेल्या श्रोत्याला हे उत्तर कसं ऐकू गेलं असेल याचा विचार करा. ऐकणाऱ्याला मूळ कथा ठाऊक आहे, हे गृहीत धरूनच ते सांगितलेलं वाटतं.

कायद्यांचंही तसंच. हम्मुराबीचा काळा शिलास्तंभ १९०१-०२ मध्ये सूसा इथे सापडला, आज लूव्रमध्ये आहे; त्यातले कायदे नेहमीच्या मोजणीनं २८२. ‘मोशेनं हम्मुराबीची नक्कल केली’ हे वाक्य मराठीत मी अनेकदा वाचलं, पण मारक्या बैलाचं कलम उलगडून सांगणारं काही अजून वाचनात नाही. हम्मुराबीत बैल मारका आहे हे ठाऊक असून मालकानं त्याला आवरलं नाही आणि स्वतंत्र माणूस मेला तर अर्धा मीना (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी. गुलाम मेला तर एक तृतीयांश मीना. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात हेच प्रकरण, पण तिथे बैलाला दगडांनी मारायचं आणि त्याचं मांस खायचं नाही; जाणूनबुजून हयगय करणाऱ्या मालकावर मृत्युदंड, खंडणी भरून सुटका होऊ शकते. एका बैलानं दुसरा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेला बैल दोघांत वाटून घ्यायचा, हा निर्गमातला नियम तर एश्नुन्ना नावाच्या आणखी जुन्या नगराच्या कायद्यात जवळपास जसाच्या तसा आहे. इथे उसनवारी म्हणा, सामाईक कायदेपरंपरा म्हणा, हरकत नाही. आणि मग अनुवादाचा २३ वा अध्याय उघडा: मालकाकडून पळून आलेल्या गुलामाला परत देऊ नका, त्याला आवडेल त्या गावी राहू द्या. हम्मुराबीत पळालेल्या गुलामाला लपवणाऱ्याला देहदंड आहे. हे कुणाकडून चोरलं?

टोपलीतल्या बाळाकडे येऊ, कारण इथे आपले लोक लगेच कर्ण काढतात. काढावाच. अक्कदच्या सार्गोनची आई पुजारीण, ती त्याला गुपचूप जन्म देते, डांबर लावलेल्या बोरूच्या टोपलीत घालून नदीत सोडते, पाणक्या अक्की त्याला वाढवतो. कुंती कर्णाला मेण लावलेल्या पेटीत अश्वनदीत सोडते. चर्मण्वती, यमुना, गंगा करत पेटी चंपेला येते, अधिरथ आणि राधा त्याला वाढवतात. मोशेची टोपलीही डांबर लावलेली. साम्य आहे. पण सार्गोन आणि कर्ण लाजेपोटी टाकलेली मुलं आहेत आणि ती खाली जातात, पाणक्याकडे, सूताकडे. मोशेची आई विवाहित आहे, मूल लपवते ते राजाच्या हुकमामुळे, आणि मूल जातं थेट राजकन्येच्या हाती. बहीण दूर उभी राहून बघते, पुढे येऊन विचारते, दाई आणू का? आणि स्वतःच्या आईलाच पगारी दाई म्हणून घेऊन येते. राजवाड्याच्या खर्चानं राजवाड्याचा वैरी वाढवण्याची ही खोडी ना सार्गोनच्या कथेत आहे ना कर्णाच्या. शिवाय सार्गोन होऊन गेला तो इसवी सनापूर्वी तेविसाव्या-चोविसाव्या शतकात, पण ही जन्मकथा ज्या पाट्यांवर मिळते त्या इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या. ‘सार्गोन जुना, म्हणून त्याची कथा जुनी’ हे आपोआप ठरत नाही.

मग तो तिसरा प्रकार: मनू, मिनोस, मोझेस, अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती. हे आपल्याकडे ‘दडपलेलं सत्य’ म्हणून येतं. मनू-मिनोस-मोझेस ही माळ ओवली ती लुई जाकोलियो या फ्रेंच माणसानं. चंद्रनगरला न्यायाधीश होता. बायबल भारतातून आलं असं सांगणारं पुस्तक त्यानं १८६९ मध्ये काढलं, आणि संस्कृत जाणणाऱ्या माक्स म्युलरनं त्याची तेव्हाच चिरफाड केली. नावांच्या आवाजावर इतिहास रचायचा असेल तर जगात कुणीही कुणाचाही आजोबा ठरेल. यावर अधिक लिहीत नाही.

‘चोरी’ या शब्दाबद्दल मात्र लिहायला हवं. जर्मन विद्वान फ्रीडरिख डेलिच यानं १९०२ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये कैसरसमोर, म्हणजे जर्मन सम्राटासमोर, ‘बाबेल आणि बायबल’ हे व्याख्यान दिलं. माहिती पुष्कळ खरी होती. पण डेलिच तिथे थांबला नाही. १९२० च्या सुमारास त्यानं हिब्रू बायबल ही एक मोठी फसवणूक आहे असं पुस्तकच लिहिलं, ज्यूंविषयीच्या उघड द्वेषानं भरलेलं. त्या भाषेचं पुढे जर्मनीत काय झालं हे सांगायला नको. ज्यू विद्वान सॉलोमन शेख्टर यानं १९०३ मध्येच या सुसंस्कृत वाटणाऱ्या द्वेषाला नाव ठेवलं होतं. तुमचा लेखक बहुधा निरागसपणे ‘ज्यूंनी चोरलं’ लिहितो. संपादकानं निरागस राहून चालत नाही. आणि दुसऱ्या बाजूला, साम्य दिसलं की उगम सापडला असं मानण्याच्या सवयीवर सॅम्युएल सँडमेल या ज्यू अभ्यासकानं १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासकांच्या सभेत अध्यक्षपदावरून कान टोचले होते. त्याआधी सातशे-आठशे वर्षं, बाराव्या शतकात, मैमोनिदेस या ज्यू तत्त्वज्ञानं सांगून ठेवलं होतं की तोराहमधले कित्येक विधी समजून घ्यायचे तर आजूबाजूचे मूर्तिपूजक काय करत ते वाचा. शेजाऱ्यांचा प्रभाव मान्य केल्यानं त्याची श्रद्धा डळमळली नाही.

याचा पडताळा आपल्याच किनाऱ्यावर आहे. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोशे, योसेफ, अब्राहाम यांची चरित्रं मराठी कीर्तनात आणली. साकी, दिंडी, ओवी, सगळा हरिदासी साज. हे चोरलेलं कीर्तन म्हणाल? ज्यांच्या घरी वल्हांडण सणाला वाचायची पोथी, हगादा, १८४६ पासून मराठीत छापलेली आहे, त्यांच्यातल्या कुणाला तुम्ही तोराहवरचा लेख कधी दाखवून घेतलात? मुंबई, पुणे, अलिबाग, पनवेल, इथली सिनेगॉग काही सातासमुद्रापार नाहीत.

तर माझी मागणी. पुढच्या वेळी संकेतांवरचा लेख आला की लेखकाला विचारा: शब्दांची यादी मजकूर बघण्याआधी केली होती की नंतर, प्रत कुठली, आणि हीच मोजणी दुसऱ्या एखाद्या पुस्तकावर केली का. उत्तर नसेल तर लेख परत. १९९४ चा निबंध सांगायचा असेल तर १९९९ चं उत्तर त्याच पानावर यायला हवं, तळटीपेत नव्हे. उसन्या कथांवरचा लेख असेल तर दोन्ही मूळ उतारे, बाबिलोनी आणि हिब्रू, मराठीत पूर्ण छापा, सारांश नको. ‘साम्य’ या शीर्षकाखाली जितक्या ओळी, तितक्या फरकालाही द्या. आणि ‘चोरी’ हा शब्द शीर्षकातून काढा, खप थोडा कमी झाला तरी.

जागेची अडचण सांगाल, म्हणून हिशोबही करून ठेवलाय. गिल्गमेशच्या अकराव्या पाटीतला प्रलयाचा भाग आणि उत्पत्तीचे सहा ते नऊ अध्याय समोरासमोर लावले तर दिवाळी अंकाची दहा-बारा पानं होतात. राशिभविष्याला तुम्ही साधारण तेवढीच देता. उत्पत्तीसाठी मराठी बायबलचा मजकूर परवानगीनं घेता येईल. पाटीच्या अनुवादासाठी कीलाक्षरं जाणणाऱ्या अभ्यासकांच्या प्रकाशित आवृत्त्या आहेत, त्यावरून मराठी करून देणारी माणसं आपल्याकडे मिळतील. टिपा लिहायला मी तयार आहे. मानधन नको, पण छपाईला जाण्याआधी मुद्रितं मात्र मला दाखवा. आकड्यांत एक शून्य इकडचं तिकडे झालं की सगळं मुसळ केरात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक